ब्लाझेनाबाईंचा लोयझा आणि माझं पाऊल

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला ऑपेरात नायकाचं काम मिळालं. ही बातमी मी एका दिवसात आईला, न्हाव्याला, कोपऱ्यावरच्या बिअरच्या गुत्त्यातल्या यच्चयावत मंडळींना आणि ट्रॅममध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंना सांगितली. त्या बाई पुढच्याच थांब्यावर उतरल्या. त्यांचं घर तिथे नसावं असा माझा अंदाज आहे.

खाणींच्या ओस्ट्रावा शहरातल्या आमच्या थिएटरच्या बॅले-संघात तेव्हा मला चोवीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दहा मागच्या रांगेत गेली, पुढची दहा त्याच्याही मागे. शेवटची चार वर्षं मी म्हातारे राजे, मुलींचे बाप आणि एकदा अस्वल केलं. अस्वलाचं कौतुक झालं होतं, पण त्यात माझा चेहरा झाकलेला होता. त्यामुळे आमचा दिग्दर्शक ओताकार मला जिन्यात गाठून म्हणाला, "व्हेंडा, नवीन ऑपेरा करतोय. खाणीत गाडला गेलेला नवरा आणि वर वाट बघणारी बायको. ती गाते, तो नाचतो. नवरा तुझ्यावर बसवायचाय," तेव्हा मी पुढचं वाक्य ऐकायला थांबलोच नाही.

ते वाक्य सोमवारी कळलं.

तालमीच्या हॉलमध्ये, जिथे नायकाने उभं राहायचं नेमकं तिथे, एक लोखंडी हात जमिनीला बोल्ट मारून बसवला होता. नारिंगी रंगाचा, माझ्याहून दीडपट उंच, कोपरापाशी पोपडे उडालेला. गाड्यांच्या कारखान्यात दरवाजे जोडणारे हात असतात ना, तसला. त्याच्या शेजारी स्टुलावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. अंगात तपकिरी स्वेटर, पायांत घरात घालायच्या लोकरी सपाता, हातात डुकराची चरबी आणि कांदा लावलेला पाव.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हा लोयझा," बाई घास संपवून म्हणाल्या.

"इथे नवऱ्याची जागा आहे."

"हाच तर नवरा."

"मग मी कोण?"

"ते मी कसं सांगू बाबा? तुला माहीत असेल."

तेवढ्यात ओताकार आला आणि त्याने मला समजावलं. मेलेला नवरा माणसाने केला तर लोकांना माणूस दिसतो, मरण दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून नवरा हा लोखंडी हात करणार. पण हाताला नाचता येत नाही. त्याला नाचायला शिकवणार मी. मी अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालायचा, त्यावर जागोजागी बटणांसारखी यंत्रं, मी जसा हलेन तसा हात हलणार. आणि ते सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की प्रयोगाला माझी गरज नाही.

"म्हणजे रंगमंचावर मी नाही?"

"तू आहेस रे! तुझं सगळं आहे, फक्त तू नाहीस," ओताकार म्हणाला. त्याला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते वहीत टिपून घेतलं.

मी घरी आलो. आईचा फोन आला. हावीर्झोव्हमधल्या तिच्या अकरा मैत्रिणींनी पहिल्या प्रयोगाची तिकिटं काढलीसुद्धा होती. मी तिला म्हणालो, "आई, वेशभूषा जरा जड आहे. मी पटकन ओळखू येणार नाही."

"म्हणजे अस्वलासारखी?"

"त्याच्यापेक्षा थोडी जड."

हे मी सांगितलं. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने, आईला.

ब्लाझेना रुस्कोव्हा हे त्या बाईंचं नाव. चौतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात. सुरुवातीला हाताने वेल्डिंग करायच्या, सोळा बायकांच्या रांगेत सहाव्या. मग हे लोखंडी हात आले. बसवायला आलेला इंजिनिअर आठवडाभर घाम गाळत होता, कारण पहिला हात दर वेळी दाराच्या काठाला धडकायचा. ब्लाझेनाबाई डब्याच्या सुट्टीत त्याच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही त्याला जायचं कसं ते सांगताय. परत यायचं कसं ते कोण सांगणार?" इंजिनिअरने त्यांच्या हातात रिमोट दिला. रिमोट म्हणजे वायर लावलेली वीटच. तेव्हापासून हातांना शिकवणं हेच त्यांचं काम झालं. इथे थांब, इथे वळ, इथे चिमटा उघड, एकेक जागा दाखवत न्यायचं. त्यांनी शंभरावर हात शिकवले आणि प्रत्येकाला नाव ठेवलं. सगळी पुरुषांची.

"बायकांची का नाही?" मी विचारलं होतं.

"दिवसभर ओरडायचं असतं त्यांच्यावर. बायकांवर कशाला ओरडू?"

"लोयझा तुमच्या नवऱ्याचं नाव?"

"छे! त्याचं ठेवलं असतं तर हाही दाताच्या डॉक्टरच्या नर्सबरोबर पळाला असता."

लोयझा हा तो पहिला, काठाला धडकणारा हात. एकोणीस वर्षांनी कारखान्याने त्याला मोडीत काढला, त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. थिएटरने जुना हात मागितला तेव्हा बाईच म्हणाल्या, "याच्याबरोबर मीही जाते. याचा तिसरा सांधा मलाच ऐकतो."

पहिल्या दिवशी मी तो काळा पोशाख घालून जीव ओतून नाचलो. नवऱ्याची तगमग, अंधार, वरची बायको, सगळं माझ्या बोटांच्या टोकापर्यंत आलं होतं. नाच संपवून मी वळलो. लोयझा माझ्यामागे नुकताच तेच करून थांबत होता. माश्या हाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो.

"नाही. तू जे केलंस तेच त्याने केलं. व्हेंडा, इथून इथे जाताना तू मध्ये काय करतोस?"

"भावना व्यक्त करतो."

"हं. ते त्याला जमणार नाही. तू थांबतोस कुठे तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. चोवीस वर्षं मी नाचत होतो आणि कुठे थांबतो हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. बहुधा मागच्या रांगेत कोण कुठे थांबतो याने कुणाचं काही अडत नसावं. ब्लाझेनाबाईंनी मला एकेक जागा शोधायला लावली. खांदा इथे, थांब. मनगट इथे, थांब. परत जाऊन पुन्हा ये. दोन आठवड्यांत मी जेवढा घामाघूम झालो तेवढा अस्वलाच्या कातड्यातही झालो नव्हतो. आणि लोयझा हळूहळू नाचायला लागला. सांगायला लाज वाटते, पण माझ्यापेक्षा बरा.

एका दुपारी बाईंनी मला त्यांच्या छोट्या पडद्यापाशी बोलावलं. त्यावर सहा रेघा वरखाली जात होत्या, लोयझाच्या सहा सांध्यांच्या. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं.

"हा खालून दुसरा सांधा. तुझ्या डाव्या गुडघ्याला जोडलाय. बघ, दर तिसऱ्या मात्रेला हा खचतो. दर वेळी, न चुकता."

"ती माझी शैली आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझा गुडघा कधी गेला?"

मी दाराकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. "सहा वर्षांपूर्वी."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. माझ्या बायकोलाही नव्हतं, ती सोडून जाईपर्यंत. नंतर सांगून काय उपयोग?"

मी एवढ्यासाठीच म्हातारे राजे मागून घेत होतो. राजा बहुतेक वेळ बसलेला असतो. डॉक्टरला कळलं असतं तर तिसऱ्या दिवशी मी नृत्यसंघाबाहेर गेलो असतो, आणि नाचाशिवाय मला काही येत नव्हतं. नाचही येत होता असं कुणी म्हणालं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

बाईंनी चष्मा स्वेटरला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ही रेघ मी सपाट करू शकते. पाच मिनिटांचं काम. कुणाला दिसणार नाही."

"करा," मी म्हणालो.

पण ते व्हायच्या आत ओताकार तालीम बघायला आला. लोयझा नाचला. तिसऱ्या मात्रेला किंचित खचला. पुन्हा खचला. ओताकारने तोंडावर हात धरला.

"हे काय होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हे दुःख आहे! सातशे मीटर मातीचं वजन आहे हे! व्हेंडा, हे तू केलंस?"

आता इथे एक प्रामाणिक माणूस काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "हो, बरेच दिवस डोक्यात होतं."

ओताकारने मला मिठी मारली. ब्लाझेनाबाईंनी पावाचा डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं.

तिथून मी हवेतच होतो. कार्यक्रमपत्रिकेत ओताकारने 'वजनाचं व्याकरण' या नावाचा दीड पानी लेख लिहिला. एका रेडिओवाल्या बाईंना मी मुलाखत दिली आणि दुःख हे शरीरात नेहमी डावीकडूनच शिरतं असं सांगितलं. मग ओताकारने फर्मान काढलं की नृत्यसंघातल्या सगळ्यांनी हे खचणं शिकायचं, कारण खाणीतले बाकीचे मृत कामगार ते करणार होते. शिकवणार अर्थात मी. रोज सकाळी दहा वाजता मी चौदा तरुण, धडधाकट मुलामुलींना लंगडायला शिकवू लागलो.

"नाही नाही, असं मुद्दाम नको," मी त्यांना म्हणायचो. "आतून यायला हवं."

आठ दिवसांनी आतून आलं. तिघांचे डावे गुडघे सुजले. थिएटरच्या डॉक्टरीणबाईंनी एकेकाला तपासलं आणि विचारलं की हे लंगडणं मुळात कुणाचं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला आणि त्याचा जो आवाज झाला तो दाराबाहेर उभ्या असलेल्या ओताकारलाही ऐकू गेला.

मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता हा मला हाकलणार. ओताकार खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "कार्यक्रमपत्रिका छापून आलीय रे."

"मग?"

"मग कुणाला सांगू नकोस. आणि लोयझाचं तसंच राहू दे." जाता जाता दारात वळून त्याने विचारलं, "दुखतं का फार?" सहा वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी "नाही" म्हणालो आणि तो गेल्यावर त्या टेबलावर बराच वेळ पडून राहिलो.

ऑपेरातल्या बायकोचं काम योलाना करत होती. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाचेही केस उभे राहावेत, पण लोयझाला घाबरायची. आणि लोयझाने तर तिच्या आवाजावर हलायचं होतं. तिच्या छातीवरच्या माइकमधून सूर त्याच्यापर्यंत जायचा. तिने सूर चढवला की त्याने उठायचं, सोडला की खाली यायचं. तालमीत ती एकदा शिंकली तेव्हा लोयझाने कमरेत वाकून असा नमस्कार केला की ती किंचाळली. किंचाळल्यावर तो ताडकन उभा राहिला. मग ती विंगेत पळाली. विंगेपुढे पिवळी रेघ आखली होती आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा उजेडाचा पडदा होता. तो ओलांडून कुणी आत पाऊल टाकलं किंवा बाहेर काढलं की लोयझा जागच्या जागी थिजायचा. कुणाला इजा होऊ नये म्हणून. त्या दिवशी तो तसाच पंजा वर करून थिजला, आणि योलाना म्हणाली, "मी या राक्षसासाठी रडणार नाही."

ब्लाझेनाबाई तिच्यामागे गेल्या. त्यांनी तिला परत आणलं, मुख्य बटण बंद केलं आणि तिचा हात लोयझाच्या थंड मनगटावर ठेवला.

"हा मूर्ख आहे गं," त्या म्हणाल्या. "याला काही कळत नाही. तू सांगशील तेवढंच करतो. असा नवरा शोधून मिळत नाही."

योलाना हसली. त्यानंतर ती रोज आल्या आल्या त्याच्या मनगटावर टिचकी मारायची.

पहिला प्रयोग ऑक्टोबरात होता. थिएटर भरलं होतं. चौथ्या रांगेत माझी आई, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या अकरा मैत्रिणी, सगळ्यांचे केस त्याच दिवशी सेट केलेले. मी नवा काळा सूट आणि पॉलिश केलेले बूट घालून विंगेत उभा होतो. मला तिथे काही काम नव्हतं. समोरच्या विंगेत ब्लाझेनाबाई आपल्या पडद्यापाशी बसल्या होत्या, रोजच्याच स्वेटरमध्ये, रोजच्याच सपातांत.

सगळं झकास चाललं होतं. शेवटचा प्रवेश आला. योलाना तिच्यासाठी आखलेल्या सुरक्षित चौकोनात गुडघ्यांवर बसली, लोयझा तिच्यावर झुकला. त्याने तिच्या डोक्याच्या हातभर वरून फिरून पुन्हा अंधारात वर जायचं, एवढंच. शिवायचं नाही, त्या वेगात शिवणं धोक्याचं. मला कळेना की आईला काय वाटतंय. ती रडतेय का? मुलगा आत आहे असं समजून बघतेय, तिचा चेहरा एकदा बघू या. पडद्याची कड आड येत होती. मी थोडा पुढे झालो. आणखी थोडा.

लोयझा थिजला.

मी खाली पाहिलं. माझा डावा बूट पिवळ्या रेघेपलीकडे होता. चकचकीत.

वाद्यवृंदाच्या संचालकाने मान वर करून पाहिलं आणि व्हायोलिनना तोच सूर धरून ठेवायची खूण केली. योलाना वर बघत होती. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर तो लोखंडी पंजा उघडाच थांबला होता. लोयझाला पुन्हा चालू केला तर तो आधी सरळ ताठ उभा राहतो, सलाम ठोकल्यासारखा, आणि मग पहिल्यापासून सुरू करतो. हे मला माहीत होतं. समोरच्या विंगेतून ब्लाझेनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे. मग त्या उठल्या, त्यांनी ती वीट हातात घेतली आणि सरळ रंगमंचावर चालत आल्या.

सपातांचा आवाज होत नाही. बाराशे माणसं होती आणि सूर सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. हाताने चालवायच्या रिमोटच्या मागे एक कळ असते. ती अर्धीच दाबून धरायची. सोडली तर हात थांबतो आणि घाबरून घट्ट आवळली तरी थांबतो. मी ती तालमीत एकदा धरून बघितली होती, चार सेकंद जमलं होतं. बाई लोयझापाशी उभ्या राहिल्या, त्याच्याकडे बघत, जशा कारखान्यात एकोणीस वर्षं उभ्या राहिल्या असतील तशा. ओठ न हलवता योलानाला म्हणाल्या, "पोरी, गा तू. आता तो माझ्याकडे आहे."

योलानाने शेवटची ओळ उचलली. गोगलगाईच्या वेगाने लोयझा खाली येऊ लागला. संचालकाने लय ओढून धरली, मिनिटभराचं गाणं चार मिनिटांचं झालं. बाई एकेक सांधा हलवत होत्या. खांदा, कोपर, मनगट. तालमीत कधी झालं नव्हतं ते झालं, या वेगात ते करता येत होतं. लोयझाचा पंजा योलानाच्या खांद्यावर टेकला. अलगद. योलानाने मान वळवली, पण त्याच्याकडे नाही. तिने ब्लाझेनाबाईंकडे पाहिलं आणि शेवटचे शब्द त्यांना उद्देशून गायले. स्वेटरमधली ती म्हातारी म्हणजे हीच बायको, चाळीस वर्षांनंतरची, असं सगळ्या थिएटरला वाटलं. मलासुद्धा वाटलं, आणि बूट माझा होता.

पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात. ओताकार पांढराफटक पडून आत आला. "कोणी केलं हे?"

"वायर असेल," मी म्हणालो.

"वायर नाही," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "बूट होता. बेचाळीस नंबरचा."

बाहेर आई भेटली. तिचे डोळे सुजले होते. मैत्रिणी मागे आदराने उभ्या होत्या.

"व्हेंडा, फारच सुंदर. पण एक सांग, तू आत होतास, तर ती बाई तुला का हलवत होती?"

मग मी तिला खरं सांगितलं, सगळ्यांसमोर. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तू आत नव्हतास?"

"नव्हतो."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी पूर्ण वेळ काळजीत होते, श्वास कुठून घेतोस म्हणून."

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं की वृद्ध विधवेचं ते मूक आगमन हा गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत धाडसी क्षण आहे. ओताकारने ते वाचलं आणि दुपारपर्यंत ती कल्पना त्याचीच होती. आता प्रत्येक प्रयोगात बाईंनी यायचं ठरलं. शिवाय लोयझा खरोखरच थिजायला हवा, खोटं थिजणं लोकांना कळतं, असं ओताकारचं मत पडलं. म्हणून दर प्रयोगाला, त्याच सुरावर, मी विंगेतून डावा पाय पिवळ्या रेघेपलीकडे टाकायचा. पत्रिका नव्याने छापली. त्यात एकल कलाकारांत, योलानाच्या खाली, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव आलं. 'पाऊल : व्हेंडेलीन कोतास'. आईने ती चौकटीत बसवून भिंतीवर लावली.

ब्लाझेनाबाई मात्र लगेच तयार झाल्या नाहीत. "मी काही नटी नाही. माझ्याकडे एकच स्वेटर आहे," त्या म्हणाल्या. ओताकारने गयावया केली तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. सपाता बदलायच्या नाहीत. तोंडाला रंग लावायचा नाही. आणि सहाव्या प्रयोगाला पंधरा जागा राखून ठेवायच्या, पहिल्या रांगेत.

त्या पंधरा जागा वेल्डिंगच्या रांगेतल्या बायकांसाठी होत्या. हात आल्यावर त्यांना घरी पाठवलं गेलं होतं आणि ब्लाझेनाबाई तेवढ्या राहिल्या होत्या. त्यानंतर त्यांच्यातल्या बऱ्याचजणी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. बाजारात दिसल्या तर रस्ता ओलांडायच्या. हे मला त्या दिवशी कळलं. महिनाभर रोज त्यांच्या शेजारी बसून मी माझ्याच गुडघ्याबद्दल बोलत होतो.

पंधरापैकी नऊजणी आल्या. प्रयोग संपल्यावर ब्लाझेनाबाई हातात रिमोट तसाच धरून खाली उतरल्या. द्राहोमीरा नावाची एक धिप्पाड बाई पुढे आली. रांगेत ती पाचवी होती, बाईंच्या डाव्या बाजूला उभी राहणारी.

"हाच ना तो?" तिने लोयझाकडे हनुवटी केली. "माझ्या जागेवर आलेला?"

"हाच."

"नाचतो बरा. दारं कशी करायचा?"

"वर्षभर वाकडी करायचा," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखी कधीच नाही केली."

"मग तेव्हा त्यांना सांगितलं का नाहीस?"

ब्लाझेनाबाईंनी रिमोट या हातातून त्या हातात घेतला. द्राहोमीरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या स्वेटरच्या बाहीवरचा एक धागा तोडला आणि म्हणाली, "लोकांसमोर यायचं तर हे तरी नीट शिव, बये." बाकीच्या हसल्या. बाईही हसल्या, आणि मग "आलेच" म्हणून बायकांच्या स्वच्छतागृहात गेल्या. वीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. त्या नऊजणी थांबल्या. मीही थांबलो. मला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, पण ब्लाझेनाबाईंचा कोट माझ्याकडे होता.

एकोणीस प्रयोग झाले. सतराव्या प्रयोगाला माझं पाऊल रेघेवर पोचलंच नाही, गुडघा वाटेतच अडकला. योलाना सूर धरून, लोयझा मजेत नाचतोय, आणि मी विंगेत एका पायावर. शेवटी आमच्या नेपथ्यवाल्याने मला मागून ढकललं. पूर्ण अंगाने मी रंगमंचावर पडलो. त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या.

मार्चमध्ये माझा गुडघा बदलला. नवा धातूचा आहे. ऑपरेशननंतर पायाखाली एक यंत्र लावतात, ते आपोआप पाय वाकवतं आणि सरळ करतं, तासन्‌तास. दुसऱ्या दिवशी ब्लाझेनाबाई आलुबुखाराचे उकडलेले गोळे घेऊन आल्या. त्यांनी डबा माझ्या छातीवर ठेवला आणि त्या यंत्राकडे बघत बसल्या.

"हे बरोबर नाही चालत," त्या म्हणाल्या. "परत येताना झटका देतंय. दुखत असेल."

"दुखतं."

"मग सांगत का नाहीस?" असं म्हणून त्यांनी यंत्राचं बटणांचं खोकं उचललं. मी नको नको म्हणतोय तोवर त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या. पाय लोण्यासारखा जायला लागला. तेवढ्यात नर्स आली.

"कोण तुम्ही? हात लावू नका त्याला!"

"याला परत यायला शिकवलं नव्हतं कुणी."

"बाहेर व्हा आधी!"

"जाते. पण बघा तरी एकदा, बाई."

नर्सने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. परत येऊन ती यंत्राकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "बरं वाटतंय का?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने खोकं जागेवर ठेवलं आणि कळांना हात लावला नाही. जाताना एक गोळा मात्र घेऊन गेली.

मी नृत्यसंघ सोडला. आता थिएटरच्या कपडेपटात आहे, अस्वलाचं कातडं माझ्याच ताब्यात असतं. लोयझाला एका तांत्रिक शाळेने नेलं. ब्लाझेनाबाई मंगळवारी तिथे जाऊन मुलांवर ओरडतात. गेल्या सप्टेंबरात त्या आणि द्राहोमीरा मला बेस्किडीच्या डोंगरात अळंबी गोळा करायला घेऊन गेल्या. दोघी टोपल्या घेऊन चढावर दिसेनाशा झाल्या, मी काठी टेकत पहिल्या बाकापर्यंत पोचलो आणि बाकाच्या आजूबाजूलाच शोधत राहिलो. दुपारी त्या परत आल्या. त्यांच्या टोपल्या शिगोशीग भरलेल्या. मी माझी तीन अळंबी पुढे केली. दोन विषारी निघाली, ती द्राहोमीराने झाडीत भिरकावली. तिसरं ब्लाझेनाबाईंनी उलटसुलट करून पाहिलं, बराच वेळ हुंगलं आणि आपल्या टोपलीत ठेवलं.